परदेशी लष्करी मोहिमेच्या खर्चाचा अंदाज : या चुका टाळा

सप्टेंबर 2002 मध्ये अमेरिकी अध्यक्षांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी इराकवरील संभाव्य युद्धाला 100 ते 200 अब्ज डॉलर लागतील, असे सांगितले. त्यांच्याच सरकारने हा आकडा उचलून धरला नाही आणि डिसेंबरमध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्याच महिन्यात अर्थसंकल्प विभागाचे प्रमुख मिच डॅनियल्स यांनी 50 ते 60 अब्जांचा अंदाज दिला. अमेरिकी संसदेच्या संशोधन सेवेने 2014 मध्ये इराक मोहिमेसाठी मंजूर झालेल्या रकमांची बेरीज केली, तेव्हा ती सुमारे 815 अब्ज डॉलर भरली. काय मोजायचे आणि कुठवर मोजायचे, हे ठरवतानाच चूक झाली होती.

सर्वांत महागात पडते ते मागच्या युद्धाचे माप पुढच्या युद्धाला लावणे. डॅनियल्स यांच्या अंदाजाला 1991 च्या आखाती युद्धाचा आधार होता. त्या युद्धाला सुमारे 61 अब्ज डॉलर लागले, त्यांतील 50 अब्जांहून अधिक रक्कम सौदी अरेबिया, कुवेत, जपान, जर्मनी आदी देशांनी उचलली आणि जमिनीवरची लढाई 100 तासांत आटोपली. 2003 मध्ये मात्र राजवट उलथवून देश ताब्यात ठेवायचा होता, आणि सैन्य तेथे डिसेंबर 2011 पर्यंत राहिले. म्हणून आधी दरमहा खर्च काढावा आणि तो सहा महिने, दोन वर्षे व दहा वर्षे अशा मुदतींना लावून पाहावा. सैन्य नेण्या-आणण्याचा खर्च एकदाच येतो. इंधन, अन्नपाणी, दुरुस्ती व जोखीमभत्ता रोज चालू राहतात. सैनिकांचा नियमित पगार धरू नये, कारण ते मायदेशी छावणीत असते तरी तो द्यावाच लागला असता. राखीव दलातून बोलावलेल्यांचा पगार मात्र धरावा.

हाती न आलेले पैसे जमेच्या बाजूला मांडू नयेत. मार्च 2003 मध्ये संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी संसदीय समितीला सांगितले, की इराकच्या तेलातून दोन-तीन वर्षांत 50 ते 100 अब्ज डॉलर येऊ शकतील आणि तो देश आपल्या पुनर्उभारणीचा भार लवकरच पेलू शकेल. एप्रिलमध्ये सरकारी मदतसंस्थेच्या प्रमुखांनी अमेरिकेचा वाटा 1.7 अब्ज डॉलरवर थांबेल, असे जाहीर केले. दहा वर्षांनी पुनर्उभारणीवरचा अमेरिकी खर्च सुमारे 60 अब्जांवर गेलेला होता.

केवळ मुख्य अर्थसंकल्प पाहिला, तर मोठी रक्कम नजरेतून निसटते. युद्धाचे पैसे बहुधा पुरवणी मागण्यांतून येतात : 2003 च्या एप्रिलमध्ये सुमारे 79 अब्ज आणि नोव्हेंबरमध्ये, अफगाणिस्तान धरून, सुमारे 87 अब्ज डॉलर अशाच मंजूर झाले.

सैन्य परतले, की हिशेब मिटला असे धरणे, हे मला या सगळ्यांत अधिक गंभीर वाटते. इराकमध्ये सुमारे 32 हजार अमेरिकी सैनिक जखमी झाले, आणि त्यांचे उपचार व अपंगत्वाची पेन्शन आयुष्यभर चालणार आहे. अमेरिकेचे यादवी युद्ध 1865 मध्ये संपले. त्यात लढलेल्या एका सैनिकाच्या मुलीला 2020 मध्ये, तिच्या मृत्यूपर्यंत, सरकार दरमहा 73.13 डॉलर पेन्शन देत होते. शिवाय इराकचे युद्ध करकपातीच्या काळात, कर्ज काढून लढले गेले. त्याचे व्याज वेगळ्या रकान्यात दाखवावे. मुद्दल आणि खर्च दोन्ही धरले, तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते.

दोन अंदाज जुळत नसतील, तर मुदत, कोणत्या वर्षाच्या किमती धरल्या आहेत आणि पेन्शन-व्याज आत आहे की बाहेर, एवढे आधी तपासावे. अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्स यांचा इराक युद्धाबद्दलचा 2008 मधील अंदाज 3 लाख कोटी डॉलरचा होता, कारण त्यांनी पुढील उपचार, व्याज आणि अर्थव्यवस्थेची झळही मोजली. मराठीत लिहिताना शून्यांचा घोळ होतो, तोही पाहावा : एक बिलियन म्हणजे 1 अब्ज, अर्थात 100 कोटी, एक ट्रिलियन म्हणजे 1 लाख कोटी. आणि 815 अब्ज काय किंवा 3 लाख कोटी काय, दोन्ही आकडे अमेरिकेच्या बाजूचे आहेत. मारल्या गेलेल्या आणि घरदार सोडावे लागलेल्या इराकी लोकांचे नुकसान त्यांत नाही. म्हणून तक्त्याच्या माथ्यावर ‘युद्धाचा खर्च’ असे न लिहिता ‘अमेरिकेला आलेला खर्च’ असे लिहावे.