कलेजी-गुर्दे घेताना आधी जनावराचे वय पाहावे

कलेजीत लोह, तांबे व जस्त आणि गुर्द्यात सेलेनियम भरपूर असते; परंतु ही उपयुक्त सूक्ष्म मूलद्रव्ये साठवणाऱ्या याच अवयवांत विषारी धातू असलेले कॅडमियमही साठते. फॉस्फेट खतांतून ते मातीत, मातीतून चाऱ्यात आणि चाऱ्यातून जनावराच्या शरीरात पोहोचते. तेथे मेटॅलोथायोनीन हे प्रथिन (जे १९५७ मध्ये प्रथम घोड्याच्या मूत्रपिंडातूनच वेगळे करण्यात आले) त्याला इतके घट्ट धरून ठेवते, की जनावर जितके वयस्क तितका त्याच्या गुर्द्यातील साठा मोठा.

म्हणून खाटकाकडे मुंडी समोर असेल, तर दात पाहावेत. पुढचे सगळे दात दुधाचे, म्हणजे बोकड आदत असेल, तर तो साधारण सव्वा वर्षाच्या आतला समजावा. चारदाती (पुढचे चार दात पक्के आलेल्या) किंवा त्याहून थोराड जनावराचे गुर्दे घेऊ नयेत. ब्रॉयलर कोंबडी सहा-सात आठवड्यांतच कापली जात असल्याने तिच्या कलेजीत साठा व्हायला वेळच मिळत नाही.

प्रमाण ठरवताना थोडे गणित करावे. युरोपीय संघाने गाय, मेंढी, डुक्कर व कोंबडी यांच्या मांसात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, यकृतात ०.५ आणि मूत्रपिंडात १ मिलिग्रॅम कॅडमियमची कमाल मर्यादा घातली आहे, तर तेथील अन्नसुरक्षा संस्थेच्या मते माणसाने आठवड्याला शरीराच्या वजनाच्या किलोमागे २.५ मायक्रोग्रॅमहून अधिक कॅडमियम घेऊ नये. साठ किलोच्या माणसासाठी हे १५० मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे मर्यादेला टेकलेले १५० ग्रॅम गुर्दे खाल्ले की आठवड्याचा कोटा संपला. धान्य आणि भाज्यांतून येणारे कॅडमियम वेगळेच. कोवळ्या बोकडाच्या गुर्द्यात ते सहसा याहून पुष्कळ कमी असते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, तरी माझ्या मते गुर्दे महिन्यातून एकदा आणि कलेजी आठवड्यातून एकदा, माणशी शंभर ग्रॅमच्या आत, पुरे.

स्वयंपाकघरात मात्र फारसे काही करता येत नाही. शिजवल्याने मूलद्रव्य नष्ट होत नाही, आणि गुर्दा चिरून आतला पांढरा भाग काढल्याने वास कमी होतो एवढेच, कारण कॅडमियम मुख्यतः बाहेरच्या थरात असते.

गरोदरपणात कलेजी टाळावी, पण तेथे कारण धातूचे नसून अतिरिक्त अ जीवनसत्त्वाचे आहे. विल्सन रोग असलेल्यांच्या शरीरातून तांबे नीट बाहेर पडत नाही, म्हणून त्यांनी बोकड-मेंढीची कलेजी पूर्णपणे वर्ज्य करावी.