लहान टाकीसाठी शेवाळ खाणारे सोबती कसे निवडावेत

शेवाळ खाणारा मासा आणण्यापूर्वी आपल्या माशांच्या टाकीतले शेवाळ नेमके कोणते आहे ते ओळखावे, कारण सगळ्या प्रकारचे शेवाळ खाणारा एकही प्राणी अस्तित्वात नाही. काचेवर आणि पानांवर बसलेला, बोटाने सहज पुसला जाणारा तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि तो बहुधा नव्या टाकीत पहिल्या काही महिन्यांत दिसतो. खरवडल्याशिवाय न निघणारे हिरवे ठिपके, दोऱ्यासारखे लांब वाढणारे शेवाळ आणि पानांच्या कडांना दाढीसारखे चिकटणारे काळसर शेवाळ हे तिन्ही प्रकार वेगळे असून त्यांना खाणारेही वेगळे आहेत. निळसर हिरवा, बुळबुळीत, वास मारणारा आणि सायीसारखा उचलून निघणारा थर तर मुळात शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असतात आणि त्यांच्यासाठी कोणताही सोबती आणू नये. सगळे पाणीच हिरवे झाले असेल तरीही हेच लागू आहे, कारण तरंगते सूक्ष्म शेवाळ मासे किंवा गोगलगायी खरवडून खाऊ शकत नाहीत.

त्यानंतर टाकीचे माप घ्यावे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार 1000 ने भागला की लिटर मिळतात. 60 × 30 × 30 ची टाकी 54 लिटरची ठरते आणि रेव, दगड व वरची मोकळी जागा वजा केल्यावर प्रत्यक्ष पाणी त्याहून बरेच कमी भरते. पुढचे सर्व विवेचन एवढ्या आकाराच्या टाकीसाठी आहे.

या मापाशी ताडून पाहिले की सर्रास सुचवली जाणारी निम्मी नावे बाद होतात, आणि ती सुचवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्याची किंमत मासा चुकवतो. साधा सकर मासा विकत घेताना बोटाएवढा असतो, पण पूर्ण वाढल्यावर 30 सेंटिमीटरच्या पुढे जातो, भरपूर विष्ठा टाकतो आणि मोठा झाल्यावर शेवाळाकडे फारसे लक्षही देत नाही. ‘टाकीच्या मानानेच मासा वाढतो’ हे विधान खोटे आहे. अपुऱ्या जागेत त्याची वाढ खुंटते ती खालावलेल्या प्रकृतीमुळे. चायनीज अल्गी ईटर, विशेषतः त्याचा सोनेरी प्रकार, लहानपणी गोड दिसतो, परंतु वयात आल्यावर तो इतर माशांचा पाठलाग करतो आणि सावकाश पोहणाऱ्या रुंद माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. सायामीज अल्गी ईटर हा उत्तम मासा आहे आणि काळे दाढीशेवाळ खाणाऱ्या मोजक्या माशांपैकी एक आहे, पण तो सुमारे 15 सेंटिमीटरचा होतो आणि त्याला धावायला लांब टाकी लागते. लहान टाकीत दाढीशेवाळ असेल तर ती पाने कात्रीने कापून टाकावीत. ब्रिसलनोज प्लेकोही 12 सेंटिमीटरच्या आसपास वाढत असल्यामुळे 54 लिटरमध्ये मी तो ठेवत नाही.

उरलेल्यांची निवड सोपी आहे. हिरव्या ठिपक्यांसाठी नेराइट गोगलगाय घ्यावी. दोनच पुरतात, गोड्या पाण्यात त्यांची संख्या वाढत नाही, मात्र काचेवर आणि लाकडावर त्या पांढरी, चिवट अंडी चिकटवतात आणि पाणी फार मृदू असल्यास त्यांचे कवच झिजते. दोऱ्यासारख्या शेवाळासाठी आमानो कोळंबी घ्यावी. जपानी छायाचित्रकार ताकाशी आमानो यांनी 1980 च्या दशकात ती जलवनस्पतींच्या टाक्यांत रूढ केली आणि आजही तिच्या तोडीचा दुसरा प्राणी मला सापडलेला नाही. टाकीत एंजलसारखा कोळंबी गिळू शकणारा मासा असेल तर हा पर्याय सोडून द्यावा. गोगलगाय आणि कोळंबी दोन्ही पाण्याबाहेर चढतात, म्हणून झाकण घट्ट असावे.

आता डायटम आणि मऊ हिरवा थर यांच्यासाठी असलेला ऑटोसिंक्लस, थोडक्यात ऑटो. हा चार सेंटिमीटरचा शांत मासा लहान टाकीसाठी सर्वांत योग्य आहे आणि सर्वांत जास्त मरतोही हाच. मी पहिल्यांदा सहा ऑटो आणले तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी टाकीच्या चारही काचा घासून लख्ख केल्या होत्या. तीन आठवड्यांत चार मासे गेले. पाण्याच्या चाचण्या बरोबर होत्या, माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्य होते, इतर मासे ठणठणीत होते, त्यामुळे मी औषधे शोधत बसलो. वास्तविक त्यांना कोणताही रोग नव्हता. ते उपाशी मेले होते, आणि त्यांचे एकमेव अन्न मी स्वतःच्या हाताने पुसून टाकले होते.

बाजारातले बहुतेक ऑटो नदीतून पकडलेले असतात आणि पकडल्यापासून दुकानात येईपर्यंतच्या प्रवासात त्यांना पुरेसे खाणे मिळत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी रंग किंवा चपळपणा न पाहता पोट पाहावे. मासा काचेला चिकटला की त्याचे पोट खालून स्पष्ट दिसते. ते गोलसर भरलेले हवे. पोट आत गेलेला मासा दया येऊन घेऊ नये, कारण अशा अवस्थेतून तो क्वचितच सावरतो. नुकताच माल आला असेल तर दोन आठवडे थांबावे आणि त्यानंतर जे मासे तोंड हलवत काच खरवडताना दिसतील तेच घ्यावेत. हा कळपात राहणारा मासा असल्याने किमान सहा घ्यावेत.

टाकी निदान तीन महिने चाललेली असावी आणि ऑटो आणण्याच्या तीन आठवडे आधीपासून मागची व बाजूची काच अजिबात घासू नये. याशिवाय मी एक उपाय न चुकता करतो: टाकीतलेच पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत पाच-सहा गुळगुळीत दगड टाकून ती उन्हाच्या खिडकीत ठेवतो. आठ-दहा दिवसांत दगडांवर हिरवा थर धरतो आणि मग ते दगड आळीपाळीने टाकीत जातात. नेराइट गोगलगायी या काळात आणू नयेत, कारण त्या तोच थर अधिक वेगाने फस्त करतात आणि ऑटोंच्या वाट्याला काहीच उरत नाही. ही चूकही माझ्याकडून झालेली आहे.

मासे आणल्यावर हवेच्या नळीला गाठ मारून टाकीचे पाणी त्यांच्या भांड्यात ठिबकत तासभर सोडावे आणि त्या दिवशी दिवे बंद ठेवावेत. दुसऱ्या दिवसापासून काकडीची किंवा झुकिनीची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, थंड करून, वजन लावून संध्याकाळी तळाशी ठेवावी आणि सकाळी काढून टाकावी. पहिले चार-पाच दिवस ते तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. इथेच बहुतेक जण प्रयत्न सोडतात, पण रोज ताजी चकती टाकत राहावे, कारण एका माशाला चव कळली की बाकीचे त्याच्या मागोमाग येतात. ‘खायला घातले तर ते शेवाळ खाणार नाहीत, उपाशी ठेवा म्हणजे काम करतील’ हा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. पोट भरलेला ऑटो दिवसभर काच खरवडतो, उपाशी ऑटो एका कोपऱ्यात निपचित पडून राहतो.

तीन आठवडे रोज प्रत्येक माशाचे पोट पाहावे. सगळी पोटे गोल राहिली तर त्यानंतर गोगलगायी किंवा कोळंबी आणावी, आणि दोन्ही हव्या असतील तर मध्ये दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. त्यांच्या टाकीत तांबे असलेले माशांचे औषध कधीही घालू नये.

दिवे सहा ते आठ तासांहून अधिक चालू ठेवू नयेत, दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे आणि घासायची ती फक्त पुढची काच. तपकिरी थर एक दिवस दिसेनासा होतो आणि टाकी प्रथमच स्वच्छ वाटते. त्या दिवसापासून आठवड्यातून तीनदा भाजीची चकती टाकणे सुरू करावे आणि ते थांबवू नये.