मंडळाची होळी: आग लहान, गल्ला मोठा

होळीसाठी वर्गणी जमवणारी मंडळं बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गल्लोगल्ली आहेत. इथं उलटं करायचंय: होळीच्या रात्री वाचनालयासाठी किंवा तालमीसाठी पैसे उभे करायचे. सहा फुटांची होळी दहा फुटांची केली म्हणून एक प्लेट भजी जास्त खपत नाही. लाकूड मात्र चौपटीहून जास्त लागतं.

तयारी तीन आठवडे आधी सुरू करा. पोलीस ठाणं आणि महापालिका किंवा ग्रामपंचायत यांना अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून मराठी प्रत जोडली की एक हेलपाटा वाचतो. भटजींना मुहूर्त आत्ताच विचारून ठेवा. भद्रा, म्हणजे पंचांगातला अशुभ काळ, असेल तर होळी उशिरा पेटते, आणि स्पीकर तर रात्री 10 ला बंद करावाच लागतो. शिवाय दिवस दहावी आणि पीयूसीच्या (कर्नाटकातली अकरावी-बारावी) परीक्षांचे असतात, त्यामुळे आवाज बेतानंच. स्टॉल संध्याकाळी 6 लाच मांडा. लोक वाट बघत उभे असतात तेव्हाच खातात.

जागा बघताना आधी मान वर करून बघा. वर तारा, केबल, झाडाच्या फांद्या नकोत. गवताची गंजी, पत्र्याचं शेड किंवा लावलेल्या गाड्या पन्नास फुटांच्या आत असतील तर जागा बदला. डांबरी रस्त्यावर थेट रचली तर डांबर वितळून खड्डा पडतो आणि पावसाळाभर गल्ली मंडळाला शिव्या घालते. आठ फूट रुंदीचा, सहा इंच जाड वाळूचा किंवा मातीचा थर आधी पसरा.

सहा फूट उंच, सहा फूट रुंद होळीला वखारीतलं सुकं लाकूड अडीच क्विंटल आणि दीडशे शेणी पुरतात. ओलं झाड तोडू नका. ते गुन्ह्याचं काम आहे, आणि वर नुसता धूर होतो. मध्ये दीड फूट खड्ड्यात एरंड उभा करा, त्याभोवती काटक्या आणि पाचट, मग शेणी, बाहेरून लाकडं आतल्या बाजूला कललेली. सरळ उभी लावलेली लाकडं जळताना बाहेर, लोकांच्या अंगावर पडतात. वारा येतो त्या बाजूला बुडाशी हातभर तोंड ठेवा आणि तिथूनच कापूर-पाचटानं पेटवा. पेट्रोल अजिबात नको: त्याची वाफ आधीच भोवताली पसरलेली असते आणि काडी ओढणाऱ्याच्या तोंडावरच भडका उडतो. टायर, प्लॅस्टिक, फर्निचरचा प्लायवूड कुणी आणून दिला तरी परत पाठवा.

दोर वीस फुटांवर बांधा. आत फक्त चौघं, सुती कपड्यांत. हाताशी 200 लिटरचे दोन पिंप, बादल्या, ओली गोणपाटं हवीत. नैवेद्याच्या नारळांकडे लक्ष ठेवा: आतल्या पाण्याची वाफ होऊन नारळ फुटतो आणि करवंटीचे तुकडे उडतात. आधीच एक डोळा टोचला तर वाफेला वाट मिळते. नारळ काढायचं काम लांब बांबूवाल्या एकाच माणसाकडे द्या, पोरांकडे नाही.

खरा पैसा स्टॉलवर आहे. एक किलो बेसन आणि अडीच किलो कांद्यात शंभर ग्रॅमच्या साधारण पंचवीस प्लेट भजी निघतात. दोनशे प्लेटना आठ किलो बेसन, वीस किलो कांदा. कांद्याला मीठ लावून फार वेळ ठेवला तर पाणी सुटतं, मग बेसन वाढत जातं आणि भजी मऊ पडतात. दर घाण्याला थोडाच कालवा. दोनशे कप चहाला दहा लिटर दूध, पाच लिटर पाणी. कढई होळीपासून आणि दोरापासून लांब ठेवा. गर्दीत धक्का लागतो तो दोराजवळच.

तळणाऱ्यानं पैसे घ्यायचे नाहीत. कुपनं एका टेबलावर विकायची, कुपन देऊन खाणं घ्यायचं. रात्री कुपनं मोजली की गल्ला जुळतो की नाही ते कळतं. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच हवा. एखाद्या कार्यकर्त्याच्या खात्यात पैसे गेले की तो कितीही प्रामाणिक असो, कुजबुज सुरू होते. देणगीची पावतीपुस्तकं नंबर टाकून, कुणाला कुठलं दिलं ते वहीत लिहूनच वाटा. मोजणी त्याच रात्री तिघांनी मिळून करा आणि तिसऱ्या दिवशी जमाखर्च गल्लीच्या फलकावर लावा.

विस्तव लगेच विझवू नका, सकाळी आंघोळीच्या पाण्याचे हंडे त्यावर ठेवायला लोक येतात. पण रात्रभर दोघं राखणीला हवेत. दुपारी राख फावड्यानं उकरून पाणी मारा: वरून गार दिसणाऱ्या राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो, आणि धुळवडीला पोरं अनवाणीच हिंडत असतात.