छोट्या सेवा व्यवसायात पर्यावरणपूरक तंत्रज्ञान कसं आणावं: आधी वही, मग यंत्र

रात्री काम संपलं, दिवे मालवले, की कुलूप लावायच्या आधी वीजमीटरवरचा आकडा वहीत लिहा. सकाळी आल्यावर, एकही बटण दाबायच्या आधी, तो पुन्हा लिहा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे आत कोणीही नसताना जळलेली वीज. ती रोज दीड युनिट निघाली तरी वर्षाकाठी साडेपाचशे युनिटांच्या घरात जाते, आणि त्यातून एकाही गिऱ्हाइकाचं काम झालेलं नसतं.

सलून असो, लॉन्ड्री असो, दवाखाना, दुरुस्तीचं दुकान किंवा चार टेबलांचं ऑफिस, पर्यावरणपूरक तंत्रज्ञान म्हटलं की डोळ्यांपुढे आधी छतावरचं सौर पॅनल येतं. मला ही सुरुवात पटत नाही. पॅनल चांगलंच, पण त्याचा नंबर बराच मागे लागतो. वापर आटोक्यात न आणता ते बसवलं, तर वाया जाणारी वीजही हिशेबात धरून यंत्रणा मोठी घ्यावी लागते आणि त्या उधळपट्टीवर पुढच्या वीसेक वर्षांचं शिक्कामोर्तब होतं.

पायरी १: आठवडाभर फक्त लिहा

या आठवड्यात एकच वस्तू घ्या: प्लगमध्ये खोचायचं छोटं वीजमापक. उसनं मिळालं तर तेही विकत घ्यायला नको. एकेक उपकरण त्यावर लावून बघा. हिशेब सोपा आहे. वॅट गुणिले तास, भागिले १०००, म्हणजे युनिट. हेअर ड्रायर १८०० वॅटचा असला तरी दिवसभरात सगळा मिळून एखादा तास चालतो, म्हणजे १.८ युनिट. गरम-थंड पाण्याचा डिस्पेन्सर त्याच्यापुढे किरकोळ वाटतो, पण तो चोवीस तास लावलेला असतो. रात्री दोन वाजता तो पाणी पुन्हा तापवतो आणि ते प्यायला तिथे कोणीही नसतं.

मापकावर जितके अँपिअर छापलेत, त्याहून जास्त ओढणारा गीझर किंवा एसी त्याला लावू नका. त्यांच्यासाठी बाकी सगळं बंद करून मीटरवर तासाभराचा फरक बघा.

वहीत एक रकाना कामासाठी ठेवा. सलूनने रोज किती डोकी झाली ते लिहावं, लॉन्ड्रीने किती किलो कपडे, दवाखान्याने किती रुग्ण. युनिटांना कामाने भागलं की येतो तो तुमचा खरा आकडा. नुसतं बिल बघून काही कळत नाही, कारण धंदा वाढला की बिलही वाढतंच.

पायरी २: बिनखर्चाचं आणि थोड्या खर्चाचं उरकून घ्या

डिस्पेन्सर, गीझर, प्रिंटर आणि पाटीचा दिवा यांना टायमर लावा. एसीची जाळी धुवा आणि तापमान दोन अंश वर ठेवून बघा, पंखा सोबत असेल तर गिऱ्हाइकाला फरक जाणवतही नाही. दाराच्या फटी बुजवा. गरम पाण्याच्या उघड्या पाइपांना फोमचं वेष्टण घाला, हे काम एका दुपारचं आहे आणि त्याचा फायदा त्याच दिवसापासून सुरू होतो.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नका. टाकीत साठवलेलं गरम पाणी ६० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवलं तर त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. शॉवरच्या किंवा केस धुण्याच्या फवाऱ्यातून ते श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. टाकीतलं पाणी ६० अंशांवरच ठेवा आणि नळाशी थंड पाणी मिसळून घ्या. जिथे पाणी साठतच नाही अशा तात्काळ गीझरला ही अडचण नाही.

पायरी ३: उष्णता कुठे आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सेवा व्यवसायात काही तापतं, सुकतं किंवा गार होतं तिथेच बहुतेक ऊर्जा जाते. संगणक आणि दिवे डोळ्यांसमोर असतात म्हणून आपण त्यांच्या मागे लागतो.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण १.१६ वॅट-तास लागतात. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायचं, तर सुमारे ४ युनिट. कॉइलच्या गीझरला यात पळवाट नाही, त्याला एक युनिट वीज दिली की एका युनिटाचीच उष्णता मिळते. हीट पंपाचं तसं नाही. तो उष्णता तयार करत नाही, आजूबाजूच्या हवेतली ओढून पाण्यात सोडतो. फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच तत्त्व. त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता हाती येते आणि ४ युनिटांचं काम दीडेक युनिटात होतं. हवा फार गार असली की हा फायदा घटतो. शिवाय त्याला टाकी लागते, मोकळी हवा लागते, तो थोडा आवाज करतो आणि पाणी सावकाश तापवतो. दिवसाला शंभर-दोनशे लिटर गरम पाणी नक्की लागत असेल तरच त्याच्या वाटेला जा. चार बादल्यांसाठी हीट पंप घेऊ नये.

आता लॉन्ड्रीचा एक घाणा जवळून बघू. नळाचं पाणी २० अंशांचं धरा. ६० अंशांवर धुवायचं तर ते ४० अंशांनी तापवावं लागतं, ३० अंशांवर धुवायचं तर फक्त १० अंशांनी. म्हणजे उष्णता एक चतुर्थांश. कमी तापमानात काम करणारी एन्झाइमयुक्त डिटर्जंट मिळतात, रोजच्या मळक्या कपड्यांना ती पुरतात. आजारी माणसाच्या चादरी आणि दवाखान्याचे कपडे मात्र गरम पाण्यातच धुवायचे, तिथे तडजोड नको.

पुढे सुकवणं. कपड्यातलं १ लिटर पाणी वाफ करून उडवायला ०.६ युनिटांहून जास्त उष्णता लागते, हा पदार्थविज्ञानाचाच नियम आहे. तेच पाणी ड्रम जोरात फिरवून पिळून काढलं तर त्याच्या अगदी थोड्या अंशात निघतं. म्हणून ड्रायरकडे बघण्याआधी पिळताना ड्रम मिनिटाला किती फेरे घेतो ते बघा. एका घाण्यात ५ लिटर पाणी जास्त निथळलं, तर किमान ३ युनिटांची उष्णता वाचली. दोरीला जागा असेल तर तीच सगळ्यात चांगली. नसेल तेव्हा हीट पंप ड्रायर. साध्या ड्रायरच्या साधारण निम्म्या विजेत तो काम करतो, पण वेळ जास्त घेतो, तेव्हा घाण्यांचं वेळापत्रक आधी मांडून बघा.

सलूनचा प्रश्न नळापासून सुरू होतो. मिनिटाला १२ लिटर सोडणाऱ्या फवाऱ्याऐवजी ६ लिटरचा लावला, की एका माणसामागे पाणी निम्मं होतं आणि ते तापवण्याची वीजही निम्मी. नळाच्या तोंडाला बसणाऱ्या हवामिश्रित जाळीने धार जाड वाटते, हात धुण्याच्या बेसिनला ती पुरते. इतक्या स्वस्तात इतकं देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

पायरी ४: यंत्र बिघडण्याआधी बदली ठरवून ठेवा

दिवे आणि छताचे पंखे लगेच बदलायला हरकत नाही. ६० वॅटच्या जुन्या बल्बचं काम ८ ते १० वॅटचा एलईडी करतो. जुना पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणारी, ब्रश नसलेली) मोटरचा ३० वॅटच्या आसपास. केस रंगवणं, चेहऱ्याचे उपचार, कपड्यावरचे डाग बघणं अशी कामं असतील तर एलईडी घेताना खोक्यावरचा सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा) ९० किंवा वर आहे ना ते बघा, नाहीतर रंग फसवे दिसतात.

एसी, फ्रीज, वॉशिंग मशीन यांचं वेगळं आहे. चालतं यंत्र घाईने भंगारात घालू नका, पण त्याच्या जागी काय घ्यायचं ते आजच वहीत लिहून ठेवा. ऐन गर्दीत एसी बंद पडला की माणूस दुकानात जो शिल्लक असेल तो उचलतो आणि पुढची दहा वर्षं त्याचं बिल भरतो. लिहिताना तीन गोष्टी नोंदवा: इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा), खोलीच्या मापाची क्षमता आणि आतला वायू. वायूकडे फारसं कोणी बघत नाही. आर-४१०ए हा वायू गळला तर १०० वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट तापमानवाढ करतो. आर-३२ सुमारे ६७५ पट, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन ५ पटींहूनही कमी. आर-४१०ए आणि आर-३२ यांसारख्या एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्यासाठी २०१६ साली किगाली करार झाला. प्रोपेन ज्वलनशील आहे, त्यामुळे त्याची जोडणी प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या.

दर वर्षी ‘गॅस भरून घ्या’ असं सांगणाऱ्या मेकॅनिकला आधी गळती शोधायला सांगा. एसीची नळी बंदिस्त असते, त्यातला वायू वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि भरलेला वायूही तिथूनच हवेत जाणार.

संगणकांच्या बाबतीत माझा सल्ला उलटा आहे: नवीन घेऊ नका. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा भाग तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो. जुन्या हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी टाका, रॅम वाढवा, बॅटरी बदला आणि अजून तीन-चार वर्षं चालवा.

पायरी ५: रसायनं

ड्राय क्लीनिंगमध्ये पर्क्लोरोइथिलीन वापरत असाल तर हा बदल यादीत वर घ्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे द्रावक ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे, आणि ते दिवसभर हुंगतो तो तुमचा कामगार. संगणक-नियंत्रित वेट क्लीनिंग यंत्रं पाणी आणि सौम्य डिटर्जंट वापरून यातले बरेच कपडे धुतात.

पायरी ६: आता सौर, बॅटरी आणि वाहन

वापर खाली आला की छताचा विचार करा. १ किलोवॅट पॅनलना साधारण ५ ते ६ चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते. पॅनल पंचवीसेक वर्षं चालतात, पण इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) मध्ये एकदा बदलावा लागेल असं धरूनच हिशेब करा. जादा खर्च भागिले वर्षाची बचत, म्हणजे पैसे किती वर्षांत वसूल होतात ते कळतं. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार त्याहून जास्त वर्षांचा आहे ना, हे आधी बघा. नसेल तर उचलून नेता येतील अशीच यंत्रं घ्या.

बॅटरी लागणारच असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट. तिच्यात कोबाल्ट आणि निकेल नसतं आणि ती काही हजार वेळा चार्ज होते. घरपोच सेवेचं वाहन बदलण्याआधी रोजचे किलोमीटर महिनाभर लिहा, बहुतेकांचा फेरा एका चार्जमध्ये बसतो.

पायरी ७: माणसं आणि जुनं सामान

टायमर कोण लावणार, जाळी कोण धुणार, रात्रीचा आकडा कोण लिहिणार, हे नाव घेऊन ठरवा. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही. काम जो हाताने करतो त्यालाच आधी विचारा. ड्रमचा कुठला बेअरिंग घासतोय आणि कुठला नळ गळतोय, हे मालकाआधी त्याला माहीत असतं.

जुनी यंत्रं नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचं रीतसर पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. एसी आणि फ्रीज देताना आतला वायू काढून घेतला जातो का, हे स्पष्ट विचारा.

तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा. तुलना मागच्या महिन्याशी नको, ऋतू बदलला की आकडा आपोआप हलतो. शक्यतो गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलावरचे युनिट आणि तेव्हाचं काम समोर ठेवा. एका डोक्यामागे किंवा एका किलोमागे लागणारी वीज कमी झाली नसेल, तर नव्या यंत्राला दोष देण्याआधी रात्रीचं आणि सकाळचं वाचन पुन्हा एकदा घ्या. बहुतेक वेळा कोणीतरी टायमर काढून डिस्पेन्सरचा प्लग थेट भिंतीत खोचलेला सापडतो.