कर्णबधिर शाळेत रुजू होताय? सणवारांची तयारी आधी करा

विशेष शिक्षणाची पदविका किंवा बी.एड. झालं, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाली आणि जूनमध्ये तुम्ही एखाद्या निवासी कर्णबधिर विद्यालयात रुजू झालात, की पहिले दोन महिने पाठाची टाचणं, श्रवणयंत्रांचे मोल्ड (कानात बसणारे साचे) आणि मुलांची नावं लक्षात ठेवणं यातच जातात. मग श्रावण लागतो. नागपंचमी, राखी, गोकुळाष्टमी, पोळा, पाठोपाठ गणपती. नव्या शिक्षकांच्या चेहऱ्यावर मला दर वर्षी तीच काळजी दिसते: आता अभ्यास बुडणार. बरीच वर्षं अशा शाळेत शिकवल्यावर मी त्यांना ठामपणे सांगते, की आपल्या मुलांचा मोठा अभ्यास याच दिवसांत होतो.

बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात. ऐकणाऱ्या मुलाला सण कुणी बसवून शिकवत नाही. आजी शेजारणीशी बोलते, बाबा फोनवर गावाला कधी निघायचं ते ठरवतात, टीव्ही चालू असतो. सगळं कानावर पडत राहतं आणि चार-पाच वर्षांचं मूल गणपती कोणाचा मुलगा, उंदीर कशाला, हे घडाघडा सांगतं. कर्णबधिर मूल तेवढंच सगळं बघतं. मखर बघतं, मूर्ती बघतं, मोदक खातं. मग एके दिवशी सगळी मोठी माणसं मिळून ती सुंदर मूर्ती पाण्यात सोडतात. का सोडतात, हे त्याला सांगायला घरात कुणाकडे भाषाच नसते. प्रेमाची कमतरता नसते, बरं का. आईवडील जीव टाकत असतात. पण 'ये', 'जेव', 'झोप', 'नको' यापलीकडच्या खुणा घरात नसतात. घरी बघितलेल्या सणाचा अर्थ मुलाला अनेकदा पहिल्यांदा शाळेत कळतो, आणि तो सांगण्याची जबाबदारी तुमची आहे.

म्हणून तयारी आठ-दहा दिवस आधी सुरू करा. आम्ही वर्गात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर टांगतो. परिपाठानंतर एक मूल येतं, कालचं पान फाडतं आणि गणपतीला किती दिवस उरले ते मोजतं. छोटी गोष्ट वाटते, पण 'काल', 'आज', 'उद्या', 'परवा' या शब्दांना यातून अर्थ येतो. ज्या मुलाला भाषा उशिरा मिळते त्याला वाट बघणं फार जड जातं. बाबा सकाळी घराबाहेर पडले तर ते संध्याकाळी येणार की आठवड्याने, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सणाची वाट बघता बघता ते काळ मोजायला शिकतं. वाढदिवसाचंही तसंच. शाळेत नव्याने आलेल्या कित्येक मुलांना आपला वाढदिवस असतो हेच ठाऊक नसतं. जन्मतारखा कॅलेंडरवर लिहा, फोटो चिकटवा आणि ज्याचा त्याचा दिवस ज्याला त्याला मोजू द्या.

गणपतीची गोष्ट तोंडी सांगून भागत नाही, ती करून दाखवावी लागते. कुणी पार्वती, कुणी शंकर, कुणी दारात उभा राहिलेला मुलगा. एका वर्षी एका मुलीने खूण करून विचारलं होतं, हत्तीच्या पिल्लाची आई कुठे गेली? त्या प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला आणि तो मला टाचणातल्या कुठल्याही तासापेक्षा मोलाचा वाटतो. भारतीय सांकेतिक भाषेत 'कुठे', 'का', 'कोण' हे सहसा वाक्याच्या शेवटी येतं आणि भुवया, डोळे, मान हे सगळं व्याकरणाचा भाग असतं. कोऱ्या चेहऱ्याने केलेली खूण मुलांना सपाट आवाजात वाचलेल्या धड्यासारखी लागते. रुजू झाल्यावर पहिल्यांदा चेहरा मोकळा करा.

आता काही व्यावहारिक गोष्टी. त्या अभ्यासक्रमात असतात, पण सणाच्या गडबडीत हमखास विसरल्या जातात.

आपलं मूल डोळ्यांनी ऐकतं. म्हणजे ते एका वेळी तुमच्याकडे तरी बघेल किंवा हातातल्या वस्तूकडे तरी. मोदक करताना तुम्ही उकड मळत मळत बोलत राहिलात, तर त्याच्यापर्यंत एकतर उकड पोहोचते किंवा बोलणं. आधी सांगा, थांबा, मग करा, मग पुन्हा त्याच्याकडे बघून विचारा. पिठाने भरलेल्या हातांनी खुणाही होत नाहीत, हे ध्यानात ठेवून कामं वाटा. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका. उजेड मागून आला की चेहरा काळा पडतो, ओठ वाचता येत नाहीत. आणि दिवे घालवू नका. केकवरच्या मेणबत्त्या असोत की दिवाळीच्या पणत्या, हौसेने कुणीतरी ट्यूबलाइट बंद करतं आणि त्या क्षणी खोलीतलं सगळं बोलणं थांबतं. लहान मुलं बावरतात. पणत्या उजेडातही छान दिसतात.

आरतीला सगळे मूर्तीकडे तोंड करून रांगेत उभे राहिले तर मागच्याला पुढच्याची पाठच दिसते. आमच्याकडे एक मोठा विद्यार्थी मूर्तीशेजारी बाकीच्यांकडे तोंड करून उभा राहतो आणि आरती खुणांनी करतो. सगळे त्याच्याबरोबर करतात. हा मान मिळवण्यासाठी नववी-दहावीच्या मुलांत चढाओढ असते. त्यासाठी ती आरतीतला अवघड शब्द न् शब्द आधी समजून घेतात. बरेच ऐकणारे लोक तीच आरती आयुष्यभर पाठ म्हणतात आणि अर्थाशी थांबत नाहीत. आमची मुलं अर्थ लागल्याशिवाय खूणच करू शकत नाहीत.

ढोल-ताशाबद्दल थोडं सविस्तर सांगते. ढोलाचा दणका छातीत, पायाखाली जाणवतो म्हणून मुलांना तो अतिशय आवडतो. मुलं ढोलाला हात लावायला, अगदी चिकटून उभी राहायला धावतात. आनंद खरा आहे, तो हिरावून घेऊ नका. पण आपल्या बहुतेक मुलांना थोडंफार ऐकू येतं आणि श्रवणयंत्राची सगळी भिस्त त्या उरलेल्या श्रवणशक्तीवर असते. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज बराच वेळ कानावर पडत राहिला तर कानाला इजा होऊ शकते, आणि जवळून वाजणारा ढोल-ताशा त्याच्या खूप पुढे जातो. मुलांना आवाज 'मोठा' वाटत नसला तरी कानाच्या आतल्या पेशींचं नुकसान होतंच. अंतर ठेवा, वेळ आटोपशीर ठेवा. कंपनांची हौस भागवायला शाळेतच लाकडी पाटावर उभं करून एक ढोल हलक्या हाताने वाजवा. पाटातून तळपायांना ताल कळतो आणि नाचाची तालीमही होते.

रंगपंचमीला श्रवणयंत्रं आणि कॉक्लिअर इम्प्लांटचे (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या यंत्राचे) बाहेरचे प्रोसेसर काढून नाव लिहिलेल्या डब्यांत ठेवा. सूचना मात्र यंत्रं काढण्याआधी द्या.

क्रीडादिनाला पिस्तूल किंवा शिट्टीवर शर्यत सुटत नाही, झेंडा खाली आला की सुटते. झेंडा सगळ्यांना दिसेल अशा जागी धरा. मुलांना डेफलिम्पिक्सबद्दल, म्हणजे कर्णबधिर खेळाडूंच्या जागतिक स्पर्धांबद्दल, जरूर सांगा. १९२४ मध्ये पॅरिसला या स्पर्धा पहिल्यांदा झाल्या. हरियाणाचे कर्णबधिर पैलवान वीरेंद्र सिंह यांना पद्मश्री मिळाली, हे ऐकून आमच्या कुस्तीवेड्या मुलांनी आठवडाभर दुसरा विषय काढला नव्हता. आपल्यासारखा मोठा माणूस बघायला मिळणं या मुलांना किती गरजेचं आहे, हे आपल्याला पटकन लक्षात येत नाही. काही लहान मुलांनी प्रौढ कर्णबधिर माणूस कधी बघितलेलाच नसतो. म्हणून २३ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनाला (२०१८ पासून तो साजरा होतो), भाषणं ठेवू नका. माजी विद्यार्थ्यांना बोलवा. कुणी छापखान्यात असतो, कुणी बँकेत, कुणी शिवणकाम करते, कुणाला बाळ झालेलं असतं. त्यांना मुलांच्या घोळक्यात सोडा आणि तुम्ही बाजूला बसा.

स्नेहसंमेलनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सिनेमाच्या गाण्यावर मुलांना नाचवायचं, शिक्षिकेने रंगमंचाखाली उभं राहून हातांनी मोजणी द्यायची आणि 'ऐकू येत नसूनही किती छान नाचतात' म्हणून पाहुण्यांनी डोळे पुसायचे, हा प्रकार जवळजवळ सगळीकडे चालतो. एखादा नाच असू द्या, मुलांना भरजरी कपडे आणि मेकअप आवडतो. पण संमेलनाचा गाभा मुलांची स्वतःची नाटुकली असावी. अभिनय, नकला, मूकनाट्य यांत ही मुलं अशी रमतात की दिग्दर्शकाने फक्त वेळ सांभाळावी. एसटीतला कंडक्टर, बाजारातली घासाघीस, वसतिगृहातला डाळभात, सगळं त्यांच्या हातांत येतं. आणि त्या वेळी माइकवर एक शिक्षक बसवा, जो मुलांच्या खुणांचं मराठी बोलून दाखवेल. त्या संध्याकाळी दुभाष्याची गरज ऐकणाऱ्यांना असते. आपलं मूल इतकं बोलतं हे कित्येक आईवडिलांना तेव्हा पहिल्यांदा समजतं. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकांना दोन्ही हात वर करून पंजे हलवायलाही शिकवा. टाळ्यांचा आवाज मुलांपर्यंत पोहोचत नाही, हललेले हात पोहोचतात.

देणगीदारांचा विषय नाजूक आहे. स्वतःचा किंवा मुलाचा वाढदिवस शाळेत साजरा करायला लोक येतात, खाऊ आणतात. त्यांच्या मनात चांगलंच असतं आणि अनेक शाळांचं गोडाधोडाचं जेवण त्यांच्यामुळे होतं. पण मुलांना रांगेत उभं करून, हातात पुडा देतानाचा फोटो काढणं मला कधीच पटलेलं नाही. आम्ही पाहुण्यांना विनंती करतो, की अर्धा तास बसा, मुलांकडून पाच खुणा शिका, त्यांच्या पंगतीत जेवा. जवळजवळ सगळे आनंदाने तयार होतात. कोण आलंय, का आलंय, हे मुलांनाही आधी सांगा. अनोळखी माणूस केक कापतो आणि आपण हात जोडून उभे राहतो, यातलं काहीच न कळणं हा त्यांचा अपमान आहे. ३ डिसेंबरच्या, आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिनाच्या, फेऱ्यांनाही हाच नियम लावा: फलकावर काय लिहिलंय ते फलक धरणाऱ्याला समजलं पाहिजे.

शक्य असेल तर पहिल्या वर्षी आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी वसतिगृहात थांबा. वर्गात शिकवतो ती भाषा आणि रात्री जेवणानंतर ओसरीवर चालते ती भाषा यांत फरक असतो. मोठी मुलं लहानांना गोष्टी सांगतात, भांडणं मिटवतात, नव्या मुलाला त्याचं खुणेचं नाव देतात. तुम्हालाही तिथेच नाव मिळेल. चष्मा, हनुवटीवरचा तीळ, पदर खोचायची लकब, जे त्यांना दिसेल त्यावरून. स्वतःहून सुचवू नका, वाट बघा.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की काही मुलं आनंदात असतात आणि काही मिटतात. शाळेत दिवसभर गप्पा मारणारं मूल तीन आठवडे अशा घरी जाणार असतं, जिथे त्याच्याशी कुणी पाच मिनिटंही बोलू शकत नाही. यासाठी दोन गोष्टी आम्हाला उपयोगी पडल्या. एक, मुलांना न्यायला पालक येतात त्या दिवशी तासभर थांबवून दिवाळीपुरत्या खुणा शिकवायच्या: आकाशकंदील, फराळ, मामा, उद्या, कुणाकडे जायचं, परत कधी यायचं. मुद्दाम बोलावूनही शिकवणीला न येणारे पालक त्या दिवशी बसतात. दुसरी, अनुभवाची वही. शाळेतल्या सणांचे फोटो, मुलाने काढलेली चित्रं आणि खाली त्याचं त्यानेच लिहिलेलं एखादं वाक्य. ही वही घेऊन मूल घरी गेलं की बोट ठेवून सांगायला काहीतरी असतं आणि भावंडांना विचारायलाही. उरलेली पानं कोरी ठेवा. एसटीचं तिकीट, फटाक्याच्या पाकिटाचं चित्र, मामाच्या घराचा फोटो, काहीही चिकटवायला पालकांना सांगा.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी वेळापत्रकात बातमीच्या तासाशिवाय (मुलांनी आपापल्या घरचं सांगायच्या तासाशिवाय) दुसरं काही ठेवू नका, कारण चाळीस मिनिटांत कुणाचंच सांगून होत नाही.