पोस्टडॉकसाठी मेल लिहिताना

पीएचडीचा थिसीस सबमिट करून सांगलीला घरी आले तेव्हा माझी समजूत साधी होती: जाहिराती निघतात, अर्ज भरायचे, मुलाखत द्यायची. पण पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, बऱ्याच जागा प्रोफेसरच्या प्रोजेक्टच्या पैशांवर असतात आणि त्यांतल्या कित्येकांची जाहिरात निघतच नाही. त्या थेट मेल लिहूनच मिळतात.

विश्रामबागेतल्या घरी बसून पहिल्या महिन्यात मी साठेक मेल पाठवले. मजकूर एकच, नाव तेवढं बदललेलं. उत्तरं आली दोन, दोन्ही नकाराची. दक्षिण कोरियात असलेल्या एका सीनिअर दादाला (आपल्याकडचे थिन फिल्मवाले, म्हणजे अतिपातळ थरांवर संशोधन करणारे, बरेच तिकडेच जातात) मेल दाखवला. तो म्हणाला, "अगं, यात तुझं काम कुठाय?"

माझं काम सुपरकपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या आणि झटपट चार्ज होणाऱ्या उपकरणावर. निकेल कोबाल्ट ऑक्साइडचा थर चार्ज-डिस्चार्जच्या काही हजार सायकलनंतर स्टीलच्या पत्र्यावरून सुटायचा. ज्या द्रावणात हा थर बसवतात त्या बाथचं तापमान कमी करून मी तो टिकवला होता. एका प्रोफेसरांच्या पेपरमध्ये तीच अडचण दिसली. मग मेल त्यावरच लिहिला. तुमच्या आलेखात कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) जिथं घसरतो तिथं माझ्याकडे थर सुटत होता, मी असं केलं, सोबत माझा आलेख. सगळा मिळून बारा ओळी. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

मुलाखत त्यांच्या दुपारी ३ ला, म्हणजे आपल्या ११:३० ला. आईने तेवढा वेळ कुकरसुद्धा लावला नाही. पाऊण तासातला अर्धा वेळ ते एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीच्या) आलेखातल्या एकाच पीकबद्दल विचारत होते. आपल्या पेपरमधली प्रत्येक आकृती अशी तोंडपाठ हवी.

फेलोशिपच्या अटी मात्र थिसीस लिहितानाच वाचा. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपची अंतिम तारीख गेली काही वर्षं सप्टेंबरमध्ये असते आणि तोवर पीएचडी पूर्ण झालेली लागते. माझ्या एका परीक्षकाचा थिसीसवरचा रिपोर्ट लांबला, व्हायवा (तोंडी परीक्षा) नोव्हेंबरमध्ये झाला आणि ते वर्ष गेलं. फार लागलं मनाला. हम्बोल्ट फेलोशिपला अर्ज वर्षभर करता येतो, पण जर्मनीतल्या यजमान प्रोफेसरांचं संमतिपत्र आधी मिळवावं लागतं. भारतातच राहायचं असेल तर नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप बघा; तिथं वयाची अट ३५, महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत.

शिफारसपत्रं देणाऱ्यांना महिनाभर आधी सांगा आणि आपला सीव्ही सोबत द्या, म्हणजे सरांना नेमकं लिहिता येतं.

ऑफर आली की पदवी अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरलं जाणारं सरकारी प्रमाणीकरण) करून मागतात. पदवीदान समारंभ झाल्याशिवाय प्रमाणपत्र हातात येत नाही, म्हणून तोवर प्रोव्हिजनल (तात्पुरतं) प्रमाणपत्र चालेल का, हे ऑफरनंतरच्या पहिल्याच मेलमध्ये विचारून घ्या. मी विचारलं होतं; चाललं.