करार एका संस्थेशी, वर्ग दुसऱ्या शाळेत: परदेशी इंग्रजी शिक्षकाने काय तपासावे

चीन, जपान, दक्षिण कोरिया अशा देशांत इंग्रजी शिकवायला गेलेल्या शिक्षकाला कधीकधी पहिल्या आठवड्यातच असे दिसते की, ज्या संस्थेची माणसे त्याला विमानतळावर घ्यायला आली होती, तिच्या स्वतःच्या इमारतीत त्याच्या जेमतेम चार तासिका आहेत. उरलेल्या सोळा तासिका शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका प्राथमिक शाळेत आणि दोन बालवाड्यांत आहेत. मुलाखतीत या शाळांचा उल्लेख झालेला नसतो आणि करारातही त्यांची नावे नसतात; ती पहिल्यांदा दिसतात ती हातात पडलेल्या वेळापत्रकावर. पगार मात्र मूळ संस्थाच देते. थोडक्यात, शिक्षक पोटकंत्राटावर दिला गेलेला असतो.

हा प्रकार सगळीकडे बेकायदा नाही आणि सगळीकडे कायदेशीरही नाही. त्यामुळे ‘असे चालते का?’ असे जुन्या शिक्षकांना विचारत बसण्यात अर्थ नसतो, कारण चालते आहे म्हणूनच ते तेथे आहेत. त्याऐवजी तीन नावे शोधावीत: करारावर सही कोणाची आहे, वर्क परमिटवर नियोक्ता म्हणून नाव कोणाचे आहे, आणि ज्या वर्गात उभे राहायचे तो वर्ग कोणाचा आहे. तिन्ही ठिकाणी एकच नाव असेल तर पोटकंत्राटाचा प्रश्नच उरत नाही. नावे वेगळी असतील, तर ती कोणत्या कायद्याने एकमेकांशी जोडली आहेत याचे कागदोपत्री उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अशी व्यवस्था उभी राहण्यामागे साधे व्यवहाराचे कारण आहे. एखाद्या शाळेला आठवड्यातून सहा तासिकांपुरताच परदेशी शिक्षक हवा असतो, आणि तेवढ्यासाठी व्हिसाचे कागद करणे, घर देणे, विमा उतरवणे तिला परवडत नाही. चीनमध्ये तर परदेशी व्यक्तीला नोकरीवर ठेवण्याची पात्रता प्रत्येक संस्थेकडे असतेच असे नाही. ज्या संस्थेकडे ती आहे, ती शिक्षक आणते आणि इतर शाळांना पुरवते. तिला यजमान शाळेकडून, म्हणजे शिक्षक जेथे पाठवला त्या शाळेकडून, तासिकेमागे रक्कम मिळते, शिक्षकाला ठरलेला मासिक पगार मिळतो, आणि मधला फरक हे तिचे उत्पन्न. यात मुळात गैर काही नाही. पण शिक्षकाचा प्रवास, तयारीचा वेळ आणि आजारपण या सगळ्या गोष्टी तिच्या हिशेबात खर्चाच्या रकान्यात पडतात, हे लक्षात ठेवूनच करार वाचावा.

करारात सर्वात आधी कामाच्या ठिकाणाचे कलम काढावे. ‘शिक्षक संस्थेच्या परिसरात किंवा संस्थेने वेळोवेळी नेमून दिलेल्या अन्य ठिकाणी अध्यापन करील’ अशा धाटणीचे वाक्य तेथे असते, आणि त्यातले ‘अन्य ठिकाणी’ हे दोन शब्द बाकीच्या साऱ्या करारावर भारी पडतात. ते काढून त्याऐवजी परिशिष्ट जोडण्यास सांगावे. त्यात प्रत्येक ठिकाणाचे नोंदणीकृत नाव, पूर्ण पत्ता आणि आठवड्याच्या तासिकांची संख्या लिहिलेली असावी, आणि नवे ठिकाण शिक्षकाची लेखी संमती व त्या देशातील आवश्यक सरकारी परवानगी मिळाल्यानंतरच वाढवता येईल, असे एक वाक्य खाली असावे. संस्थेचा प्रतिनिधी बहुधा उत्तर देतो की, ते कलम निव्वळ औपचारिकता आहे. तसे असेल तर ते वगळायला हरकत नसावी, असे नम्रपणे कळवावे; त्यावर येणारे उत्तर बरेच काही सांगून जाते.

करार दोन भाषांत असल्यास मतभेद झाल्यावर कोणती प्रत ग्राह्य धरली जाईल हेही पाहावे. बहुतेक वेळा स्थानिक भाषेतलीच प्रत ग्राह्य असते, त्यामुळे इंग्रजी प्रतीत करून घेतलेली दुरुस्ती त्या प्रतीत उतरली नसेल तर तिचा उपयोग नाही. ती प्रत भरती करणाऱ्या एजंटाखेरीज अन्य कोणाकडून तरी वाचून घ्यावी. एजंटाला त्याचे पैसे शिक्षक रुजू झाल्यावर मिळतात.

तासांचा हिशेब स्वतः कागदावर मांडावा. आठवड्याला २० तासिका आणि प्रत्येक तासिका ४० मिनिटांची धरली, तर अध्यापन १३ तास २० मिनिटांचे होते, आणि जाहिरातीत दिसणारा पगार या आकड्यासमोर आकर्षक वाटतो. आता यजमान शाळेला पाच दिवस जावे लागते आणि एका बाजूच्या प्रवासाला ५० मिनिटे लागतात असे समजा. प्रवासाचेच ८ तास २० मिनिटे होतात, एकूण वेळ २१ तास ४० मिनिटांवर जातो, आणि तासाचा मोबदला सुमारे ३८ टक्क्यांनी उतरतो. तयारी आणि वह्या तपासणे अजून यात धरलेलेच नाही. म्हणून ठरावीक अंतरापलीकडचा प्रवास कामाच्या वेळेत मोजला जाईल, भाडे संस्था देईल, आणि यजमान शाळेने ऐनवेळी रद्द केलेली तासिका शिक्षकाच्या खात्यावर ‘बाकी’ म्हणून चढवली जाणार नाही, या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण यजमान शाळेत परीक्षा, क्रीडादिन, सहल असे काही ना काही चाललेलेच असते, आणि रद्द झालेल्या तासिका सत्राअखेर शनिवारी-रविवारी भरून मागितल्या जातात.

कायद्याच्या बाजूने सर्वाधिक जपून राहावे लागते ते चीनमध्ये. परदेशी व्यक्तींच्या नोकरीसंबंधी तेथे १९९६ पासून असलेल्या नियमांनुसार परवान्यावर नोंदलेला नियोक्ता आणि प्रत्यक्ष नियोक्ता एकच असावा लागतो. १ जुलै २०१३ पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्याने वर्क परमिटने आखून दिलेल्या मर्यादेबाहेर काम करणे हेही बेकायदा नोकरीत धरले आहे. त्यासाठी परदेशी व्यक्तीला ५,००० ते २०,००० युआन दंड होऊ शकतो, प्रकरण गंभीर ठरल्यास त्याबरोबर ५ ते १५ दिवसांची कोठडी होऊ शकते, आणि देशाबाहेर परत पाठवले गेल्यास १ ते ५ वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. बेकायदा नोकरी देणाऱ्याला माणसामागे १०,००० युआन दंड आहे, एकूण १,००,००० युआनच्या मर्यादेत, आणि त्यातून मिळालेली कमाईही जप्त होते. कागदावर दोन्ही बाजूंना शिक्षा आहे. पण तपासणीचे पथक यजमान शाळेत येते तेव्हा फळ्यासमोर शिक्षक उभा असतो आणि त्याला तेथे पाठवणारी संस्था दुसऱ्या इमारतीत असते. दंड संस्था भरून टाकील, पण पासपोर्टवरची नोंद तिला भरून देता येत नाही.

त्यामुळे चीनमध्ये क्रम चुकवू नये. झेड व्हिसा, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा, हातात आल्याशिवाय निघू नये. ‘पर्यटक व्हिसावर या, इथे बदलून घेऊ’ असे सांगणारी संस्था परमिटच्या बाबतीतही तशीच वागेल असे समजावे. पोहोचल्यावर ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. तोवर वर्क परमिटवरचे संस्थेचे नाव करारावरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का ते पडताळावे. एकाच व्यापारी नावाखाली तीन-चार वेगळ्या नोंदणीकृत कंपन्या असणे तेथे नवलाचे नाही, आणि चिनी लिपीत एका अक्षराच्या फरकाने कंपनी बदलते. विम्याचेही विचारावे. १५ ऑक्टोबर २०११ पासून चीनमध्ये नोकरी करणारे परदेशी लोकही सामाजिक विम्याच्या कक्षेत आले आहेत आणि त्यात कामावरील दुखापतीचा विमा आहे. पण परमिटशी न जुळणाऱ्या शाळेच्या जिन्यावर पाय घसरला तर ते ‘कामावरच’ घडले हे सिद्ध करण्याची पाळी शिक्षकावरच येऊ शकते.

जपानमध्ये चित्र अगदी निराळे आहे, कारण तेथे माणूस दुसऱ्याच्या हाताखाली कामाला पाठवण्याचा व्यवसाय १९८५ मध्ये झालेल्या कायद्याने नियमित केला आहे. सरकारी शाळांतील साहाय्यक भाषाशिक्षक, म्हणजे एएलटी, तीन वाटांनी येतात: १९८७ मध्ये सुरू झालेल्या जेट या सरकारी कार्यक्रमातून, स्थानिक शिक्षण मंडळाच्या थेट नेमणुकीने, किंवा खासगी कंपनीमार्फत. कंपनीमार्फत येणाऱ्यांतही दोन प्रकार आहेत, आणि खरी गोम तेथेच आहे. ‘हाकेन’ म्हणजे परवानाधारक कंपनीने पाठवलेला कर्मचारी. त्याला शाळेतील शिक्षक सूचना देऊ शकतात. ‘ग्योमू इताकु’ म्हणजे कामाचे कंत्राट. यात सूचना फक्त कंपनी देऊ शकते. दुसऱ्या प्रकारात शाळेतील शिक्षिका भर वर्गात ‘आता बाराव्या पानावरचा संवाद वाचा’ असे म्हणाली, तर तीसुद्धा सूचनाच ठरते. दोन शिक्षकांनी मिळून घेण्याची तासिका या कंत्राटात बसवणे म्हणूनच अशक्यप्राय आहे, आणि जपानच्या शिक्षण मंत्रालयाने २००९ मध्ये शिक्षण मंडळांना तसे बजावलेही होते. अशा लपवलेल्या पाठवणीला तेथे ‘गिसो उकेओई’ असा शब्दच आहे.

तेव्हा जपानी कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की करार हाकेनचा आहे की इताकुचा. हाकेनचा असल्यास परवाना क्रमांक मागावा, आणि कामाचे ठिकाण, सूचना देणारी व्यक्ती व तक्रार कोणाकडे करायची हे नमूद करणारा कागद घ्यावा. तो देणे कंपनीला बंधनकारक आहे. मुदतीच्या करारावरील व्यक्तीला एकाच यजमानाच्या एकाच विभागात ३ वर्षांहून अधिक काळ ठेवता येत नाही, ही २०१५ च्या दुरुस्तीतील अट लांबचा बेत आखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. करारात आठवड्याचे तास २९.५ असे दिसले, तर अर्धा तास कमी का, याचाही विचार करावा: ४० तासांचे तीन चतुर्थांश म्हणजे ३०, आणि त्या रेषेखाली राहिले की कर्मचाऱ्याच्या सामाजिक विम्यातला आपला वाटा टाळता येईल, असा कंपनीचा हिशेब त्यामागे असायचा; २०१६ पासून आधी मोठ्या आणि मग टप्प्याटप्प्याने लहान कंपन्यांत ही रेषा २० तासांवर आली आहे. निवासाचा दर्जा, म्हणजे कोणते काम करण्यासाठी देशात राहण्याची परवानगी आहे, हेही तपासावे. शाळेत शिकवण्याचा दर्जा वेगळा आणि खासगी संभाषणवर्गात शिकवण्याचा वेगळा. एकावर असताना दुसरे काम करायला स्वतंत्र परवानगी लागते.

दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकांचा ई-२ व्हिसा ठरावीक कामाच्या ठिकाणाशी बांधलेला असतो आणि जास्तीचे ठिकाण इमिग्रेशन कार्यालयाकडे रीतसर नोंदवावे लागते. शाखा त्याच मालकाची आहे म्हणून नोंद नको, हे स्पष्टीकरण मान्य करू नये.

रुजू झाल्यानंतर हे सगळे लक्षात आले असेल, तर पहिल्याच दिवशी आवाज चढवण्यात शहाणपण नाही. प्रत्येक वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवावा. कोणत्या तारखेला, कोणाच्या संदेशावरून, कोणत्या शाळेत गेलो याची रोजची नोंद ठेवावी. तोंडी आलेला आदेश लेखी करून घेण्याची सोपी युक्ती म्हणजे त्याच दिवशी संदेश पाठवणे: ‘आपण सांगितल्याप्रमाणे मंगळवारपासून अमुक शाळेत जायचे आहे, ते ठिकाण माझ्या परमिटमध्ये समाविष्ट असल्याचा कागद कृपया पाठवावा.’ कागद आला तर प्रश्न मिटतो. ‘काळजी करू नका’ एवढेच उत्तर आले, तर परवानगी मिळेपर्यंत मूळ संस्थेच्या इमारतीतच शिकवण्याची तयारी असल्याचे लिहून कळवावे. कामाला नकार देणे आणि नोंद नसलेल्या ठिकाणी जायला नकार देणे यांतला फरक त्या पत्रात स्पष्ट दिसला पाहिजे, कारण पुढे संस्था गैरहजेरीचे कारण पुढे करू शकते.

सोडून जायचे ठरले, तर राजीनाम्याआधी बाहेर पडण्याचे कागद कोणते हे पाहावे. चीनमध्ये परमिट रद्द झाल्याचा दाखला आणि नोकरी संपल्याचे पत्र नसेल तर पुढची नोकरी अडते. कोरियात करार संपण्याआधी दुसरीकडे जाण्यासाठी नियोक्त्याचे मुक्तिपत्र लागते. जपानमध्ये तसे पत्र लागत नाही, मात्र नोकरी सुटल्यापासून १४ दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवावे लागते, आणि दर्जाला साजेसे काम ३ महिने केले नाही तर दर्जा रद्द होऊ शकतो. पासपोर्ट स्वतःजवळच ठेवावा. परवान्याच्या कामासाठी द्यावाच लागला, तर सरकारी कार्यालयाची पोच घेऊनच द्यावा आणि तो परत मिळेपर्यंत राजीनाम्याचा विषय काढू नये.